तळाशी काही नको

साबण कोणताही असो, त्याची खरी परीक्षा दातिवऱ्यात होते. वैतरणा जिथे समुद्राला मिळते तिथे आमचं गाव. पलीकडे अर्नाळ्याचा किल्ला, अलीकडे सुकत घातलेले बोंबील, नारळाच्या वाड्या आणि विहिरी. उन्हाळा चढला की काही विहिरींचं पाणी मचूळ लागायला लागतं. पाहुणा मुंबईहून आपला सुगंधी साबण घेऊन येतो, मोठ्या उत्साहाने अंगाला घासतो आणि पाच मिनिटांनी मोरीतून हाक मारतो, "अहो, हा साबण डुप्लिकेट आहे की काय?" फेस नाहीच, अंगावर एक चिकट पांढुरका थर आणि बादलीतल्या पाण्यावर साय.

साबण अस्सल असतो, बिचाऱ्याला पाणी भेटलेलं असतं आमचं. विहिरीच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या स्निग्धाम्लांना धरून बसतं आणि त्यातून जे क्षार होतात ते पाण्यात विरघळायचं नाव घेत नाहीत. समुद्राचं मीठ त्यात आलं की साबणाची उरलीसुरली उमेदही जाते. साबणाच्या कारखान्यात कढईतला साबण वेगळा काढायला मुद्दाम मीठच टाकतात. पूर्वीच्या खलाशांनी यावर तोड काढली होती ती खोबरेल तेलाच्या साबणाची, कारण खाऱ्या पाण्यात थोडाफार फेस धरतो तो तोच. आमच्या आजीचा मात्र साबणावर विश्वासच नव्हता. ती पाण्यात आधी धुण्याचा सोडा टाकून ठेवायची, तळाला गाळ बसू द्यायची आणि वरचं निवळ पाणी कपड्यांना घ्यायची. १९५९ साली सर्फ आला आणि १९६९ साली निरमा. त्याच १९६९मध्ये इथून थोडं उत्तरेला तारापूरची अणुवीज सुरू झाली, पण दातिवऱ्याच्या बायकांना विचाराल तर त्यांच्या आयुष्यात जास्त उजेड पाडला तो पावडरीनेच. या पावडरीतला साबण हा साबण नसतोच, तो डिटर्जंट असतो, आणि कॅल्शियमशी त्याचं बऱ्यापैकी जमतं.

हे इतकं पाल्हाळ लावायचं कारण असं, की माझी नोकरी याच भानगडीवर चालते.

सकाळी एसटीने सफाळे, तिथून गाडीने केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि बोईसर. तिथल्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या तपासणीची एक प्रयोगशाळा आहे, तिच्यात मी बफर बनवते. लेडीज डब्यात कुणी विचारलं की मी "केमिस्ट आहे" असं सांगून मोकळी होते, कारण एकदा "बफर बनवते" म्हटलं की पालघर येईपर्यंत समजावत बसावं लागतं. बफर म्हणजे आम्लता हलू न देणारं क्षारांचं पाणी. त्यात डिटर्जंट घातला की झालं वॉश बफर: धुण्याचं पाणी. धुवायचं काय, तर एलायझाची प्लेट. १९७१ साली स्टॉकहोममध्ये एंगवाल आणि पर्लमन यांनी ही चाचणी मांडली, आणि पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत माणसं ९६ खळग्यांची प्लास्टिकची ताटली पुन्हापुन्हा धूत बसली. खळग्याच्या भिंतीला जे मुद्दाम चिकटवलंय ते राहिलं पाहिजे आणि जे उगाच चिकटलंय ते गेलं पाहिजे, इतकाच त्यातला मुद्दा. घरी भांडी घासताना हीच अपेक्षा असते, फक्त तिथे सगळंच गेलेलं चालतं.

आता या धुण्याच्या पाण्यात पीपीटी आलं तर संपलंच. शाळेत ज्याला अवक्षेप म्हणायचे त्याला लॅबमध्ये सगळे पीपीटी म्हणतात, आणि "मॅडम, पीपीटी आलं" हे शब्द ज्या सुरात उच्चारले जातात तो सूर घरात कुणी पडलं-झडलं तरच निघतो. प्लेट धुणाऱ्या यंत्राला बारीक नळ्यांची रांग असते. पांढरा कण एका नळीत अडकला की एक खळगा धुतलाच जात नाही आणि निकालात नको तिथे रंग चढतो. मग चौकशी. लॉगबुक काढा, कुणी वजन केलं, कुणी सही केली.

जव्हारकडचा एक मुलगा आमच्याकडे नवीन लागला. हुशार, पण उतावळा. त्याचा समज असा, की कागदावर पाच पदार्थ लिहिलेत आणि एकूण एक लिटर करायचंय, तर पाचही बीकरमध्ये टाकावेत, वर पाणी ओतावं, चुंबकाची गोळी सोडावी आणि चहाला जावं. बेरीज शेवटी तीच ना? बेरीज तीच, पण इथे बेरजेपेक्षा क्रमाला किंमत असते. चमचाभर पाण्यात सगळं मीठ आणि सगळा डिटर्जंट एकदम पडला की त्या घटकेला दोघंही भयंकर दाट असतात. शेवटच्या एका लिटरमध्ये जे सुखाने नांदलं असतं ते त्या दाटीत भांडून खाली बसतं, आणि एकदा खाली बसलेलं पुन्हा वर यायला तयार होतंच असं नाही. म्हणून आधी पाणी, तेही जवळजवळ ऐंशी टक्के. मग मिठं, एकेक, पुढचं टाकण्याआधी मागचं पूर्ण विरघळवून. मग पीएच. मग जवळपास सगळं पाणी. आणि सगळ्यात शेवटी डिटर्जंट, बेताने ढवळत. त्यानंतर खुणेपर्यंत पाणी.

शेवटी का, याला आणखी एक अगदी व्यवहारी कारण आहे. डिटर्जंट आधी पडला की ढवळताना फेसाचा डोंगर होतो आणि फ्लास्कच्या मानेवरची खूण त्या फेसात गडप होते. मग एक माणूस डोळा मानेपाशी नेऊन फेस बसायची वाट बघत उभा. बफर पाच मिनिटांचं, दर्शन अर्ध्या तासाचं.

ट्वीन-२० नावाचा आमचा नेहमीचा डिटर्जंट दिसतो काकवीसारखा आणि वागतोही तसाच. पिपेटच्या बारीक टोकातून तो वर चढत नाही, चढला तर उतरत नाही, आणि आतल्या भिंतीला जो राहतो तो कुणाच्याच हिशेबात येत नाही. म्हणून टोक कात्रीने तिरकं कापायचं, सावकाश ओढायचं, सावकाश सोडायचं आणि त्याच पाण्याने पिपेट आतून विसळायची. पाण्यात पडल्यावर तो लगेच मिसळत नाही. त्याच्या दोऱ्या दोऱ्या तळाला जाऊन लोळत पडतात. नवख्याला वाटतं, आलं पीपीटी! ते पीपीटी नसतं, आळस असतो. दहा-पंधरा मिनिटं ढवळलं की उठतो. मात्र वीसपट दाट मिठाचं पाणी करून त्यातच ट्वीन घालून बाटली वर्षभर ठेवायची हौस असेल तर तो मिठापासून वेगळा होऊन वर तरंगायला लागतो. आम्ही दाट साठा निव्वळ मिठांचा ठेवतो आणि वापराच्या दिवशी पातळ केल्यावर ट्वीन घालतो.

ट्वीन तसा गरीब स्वभावाचा. खरा तापट प्राणी म्हणजे एसएलएस: सोडियम लॉरिल सल्फेट. शांपूच्या बाटलीवर, टूथपेस्टच्या नळीवर बारीक अक्षरांत त्याचं नाव सापडेल. बारा कार्बनची साखळी आणि टोकाला सल्फेट. ही बारा कार्बनची साखळी खोबरेलात भरपूर असते. खोबरेल तेलातल्या स्निग्धाम्लांपैकी जवळपास निम्मं लॉरिक आम्लच. म्हणजे एसएलएस हा एका परीने नारळाच्या घराण्यातला. दातिवऱ्याच्या वाडीत नारळ आणि समुद्रात मीठ शेजारी शेजारी नांदतात. बोईसरच्या बीकरमध्ये त्यांची मुलं एकत्र आणली की कधी कधी एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

भांडण सोडियमशी नसतं, पोटॅशियमशी असतं. एसएलएसच्या पाण्यात पोटॅशियमचं कोणतंही मीठ थोडं टाकून बघा. स्वच्छ पाण्यात आधी रेशमी झाक येते, नुसती, जरा उजेडाकडे धरली तरच दिसणारी. मग बारीक सुया चमकायला लागतात, आणि बघता बघता बीकरभर पांढरा कापूस. पोटॅशियम लॉरिल सल्फेट आपल्या नेहमीच्या तापमानाला पाण्यात जेमतेमच विरघळतं. आणि पोटॅशियम कुठे नसतं? पीबीएस म्हणून जे सर्वांच्या ओळखीचं बफर, त्यात लिटरला ८ ग्रॅम साधं मीठ असतं, १.४४ ग्रॅम डायसोडियम फॉस्फेट असतं आणि जोडीला ०.२ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, ०.२४ ग्रॅम पोटॅशियम फॉस्फेट. चिमूटभरच, पण एसएलएस घालून बाटली फ्रिजमध्ये ठेवली की ती चिमूट पुरते. म्हणून एसएलएस असलेलं धुण्याचं पाणी शहाणी माणसं ट्रिस नावाचं बफर आणि साधं मीठ घेऊन करतात.

गोळ्यांच्या विभागात तर हा खेळ मोठ्या भांड्यात होतो. गोळी पोटात किती वेळात विरघळेल हे बघायला ३७ अंशांच्या, बहुतेक ९०० मिलिलिटर पाण्यात ती सोडतात आणि वल्हं फिरवतात. औषध पाण्याला दाद देत नसेल तर त्या पाण्यात एसएलएस घालतात. फार्माकोपियातला ६.८ पीएचचा नेहमीचा फॉस्फेट बफर बनतो पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटपासून. दोन्ही वाक्यं आपापल्या जागी बरोबर, दोन्ही पानं छापील, आणि दोन्ही एकत्र आणली की भांडं गढूळ. तिथे पोटॅशियमऐवजी सोडियमचं फॉस्फेट घ्यायचं, बस. पण हे करायला आधी बदलाचा कागद, त्यावर कारण, कारणावर सही, सहीवर शंका. रसायनशास्त्रातलं भांडण पाच मिनिटांत मिटतं, कागदावरचं पुढच्या महिन्यात.

गंमत म्हणजे याच कापसावर जगातलं निम्मं जीवशास्त्र उभं आहे. १९७९मध्ये बर्नबॉइम आणि डोली यांनी जिवाणूंमधून प्लास्मिड काढायची जी रीत दिली तिच्या आजच्या रूपात आधी अल्कली आणि एसएलएसने जिवाणू फोडतात आणि मग वर पोटॅशियम ॲसिटेट ओततात. तो पांढरा कापूस प्रथिनं आणि नको असलेला डीएनए कवेत घेऊन खाली जातो. हवं ते वर निवळ पाण्यात राहतं. आजीच्या धुण्याच्या सोड्याचाच हा थाट! बीएस्सीच्या मुलांना हे प्रात्यक्षिक करताना पीपीटी आलं नाही तर रडू येतं. पुढे नोकरीत तेच पीपीटी आलं की रडू येतं.

पोटॅशियमची एक चोरवाटही आहे, आणि ती भल्याभल्यांना सापडत नाही. पीएच मीटरच्या काचेच्या दांडीत पोटॅशियम क्लोराइडचं दाट पाणी असतं, आणि दांडीच्या अंगावरच्या एका सूक्ष्म छिद्रातून ते अगदी कणाकणाने बाहेर झिरपतं. तसं झिरपणं हीच तिची काम करायची रीत. अशी दांडी एसएलएसच्या पाण्यात बुडवली की नेमक्या त्या छिद्राच्या तोंडाशी दोघांची गाठ पडते आणि तिथेच पांढरं बूच बसतं. मग आकडा स्थिर होत नाही. ६.८२, ६.८५, ६.७९, पुन्हा ६.८४. माणूस थेंब थेंब अल्कली टाकत राहतो, आकडा आपल्या मनाप्रमाणे फिरत राहतो, आणि सगळे म्हणतात मीटर बिघडला. म्हणून पीएच आधी, डिटर्जंट नंतर. पीएच चढवायला पोटॅशियम हायड्रॉक्साइड घ्यायचं नाही हे तर ओघानेच आलं.

पीपीटीचं दुसरं कारण थंडी. बोईसरला थंडी म्हटलं की लोक हसतात, पण थंडी बाहेर नसते, एसीत असते. रात्रपाळीचा कुणी एसी पार खाली उतरवून जातो आणि सकाळी दहा टक्के एसएलएसची बाटली पांढरीफटक, तेलाच्या बाटलीत खोबरेल थिजावं तशी. घराण्याचा गुण जातो कुठे? नवखा ती फेकायला निघतो. फेकायची नसते. प्रत्येक असल्या डिटर्जंटचं एक तापमान ठरलेलं, त्याखाली तो स्फटिक होऊन बसतो. क्राफ्ट नावाच्या जर्मन रसायनज्ञाच्या नावाने ते ओळखतात. एसएलएसचं ते साधारण सोळा अंशांच्या आसपास. बाटली ३७ अंशांच्या पाण्यात उभी करायची, मधूनमधून हलक्या हाताने फिरवायची, जोरात हलवायची नाही. निवळली की बाहेर टेबलावर ठेवून बघायचं. नेहमीच्या तापमानाला निवळच राहिली तर दोष थंडीचा. पुन्हा पांढरी झाली तर कुठूनतरी पोटॅशियम किंवा कॅल्शियम शिरलंय, मग खुशाल फेका. विकतच्या किटमधल्या दाट वॉश बफरच्या बाटलीतही फ्रिजमध्ये स्फटिक धरतात, आणि सोबतच्या कागदावर लिहिलेलंही असतं की आधी कोमट करून पूर्ण विरघळवा, मग पातळ करा. पण सोबतचा कागद वाचायची आपल्याकडे पद्धत नाही. तो घडी घालून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली जातो. स्फटिक तळाला ठेवून वरवरचं घेतलं की पहिल्या दिवशीचं पाणी फिकं आणि शेवटच्या दिवशीचं खारट.

आणि सगळ्याच डिटर्जंटना थंडीचं वावडं असतं असंही नाही. ट्रायटन एक्स-११४ नावाचा एक आहे, तो थंडीत निवळ आणि बावीस अंशांच्या वर गेला की गढूळ. एक उलट्या काळजाचा असावाच प्रत्येक घरात. मे महिन्यात दातिवऱ्याच्या पडवीत त्याची बाटली ठेवली तर बिचारा जन्मभर दुधाळच राहील.

माझा खरा राग आहे तो गाळणाऱ्यांवर. पीपीटी आलं की काही लोक शांतपणे ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर लावतात, खाली स्वच्छ पाणी येतं, लॉगबुकात "क्लिअर, कलरलेस सोल्युशन" असं लिहितात आणि पुढे जातात. दिसायला सगळं छान. पण फिल्टरवर जे राहिलं तो कचरा नव्हता, तोच तर डिटर्जंट होता! बाटलीवर ०.१ टक्का आणि आत किती, ते देव जाणे. गढूळ बफर निदान तोंडाने सांगतं की माझं बिनसलंय. गाळलेलं अळीमिळी गुपचिळी.

जव्हारच्या त्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा त्याने फार चांगला प्रश्न केला. "मॅडम, मग ज्याला पीपीटीच हवं असतं तो काय करतो?" मी म्हटलं, "तो मिठागरावर काम करतो."

माझे एक मामा वसईकडच्या मिठागरावर बरीच वर्षं देखरेखीला होते. त्यांचं आयुष्य माझ्या बरोबर उलट. समुद्राचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवायचं आणि उन्हावर सोडायचं. पाणी दाट होत जातं तसं त्यातलं एकेक ठरल्या क्रमाने खाली उतरतं. आधी चुनखडीसारखं, मग जिप्सम, मग हवं ते मीठ. मामांच्या हातात काचेची एक नळी असायची, पाण्यात सोडली की दाटपणाची डिग्री दाखवणारी. साधारण पंचविसाला मीठ धरायला लागतं. तिशीच्या जवळ गेलं की उरलेलं कडवट पाणी सोडून द्यायचं, नाहीतर मॅग्नेशियम मिठात उतरतं आणि मीठ कडू होतं, ओलसर राहतं. त्या सोडून दिलेल्या पाण्यात पोटॅशियमही असतं. क्रम, दाटपणा, तापमान, हाताला धीर: मामांचं सगळं शास्त्र तेच, फक्त खाली काही बसावं म्हणून ते देव पाण्यात घालून बसायचे आणि बसू नये म्हणून मी.

एकदा ते आमच्याकडे दातिवऱ्याला राहायला आले तेव्हा मी त्यांना मोबाइलवर माझ्या टेबलाचा फोटो दाखवला. आधी त्यांचं लक्ष गेलं मिठाच्या बाटलीवर. अर्ध्या किलोची किंमत विचारली, ऐकली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. नव्व्याण्णव पूर्णांक पाच टक्के शुद्ध असतं, मी म्हटलं. ते म्हणाले, "मग वरचा अर्धा टक्का कशाचा, सोन्याचा?" नंतर त्यांनी शेजारचा मोठा कॅन दाखवून हे काय म्हणून विचारलं.

"वॉश बफर. त्यातच जातं हे मीठ."

"त्याचं काय करता?"

"प्लेट धुतो."

"आणि मग?"

"मग फेकतो. मोरीत."

एवढं महागाचं मीठ, एवढं मोजून-मापून, सह्या करून केलेलं पाणी मोरीत जातं यावर मामा आता काहीतरी जळजळीत बोलणार म्हणून मी तयारीत राहिले. त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, कॅनचा तळ नीट निरखला, मोबाइल जरा तिरका करून पुन्हा बघितला.

"खाली काहीच बसलं नाही?"

"नाही ना," मी जरा अभिमानाने म्हटलं. "एक कणसुद्धा नाही."

"मग बरोबर आहे," मामा म्हणाले. "असलं पाणी फेकायचं नाही तर काय करायचं?"